फायनाईट एलिमेंटसाठी अडॅप्टिव्ह मेश लायब्ररी कशी निवडावी: पहिल्यांदा निवडणाऱ्यांसाठी

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला भूकंपाचा मोठा धक्का बसला आणि धरणाच्या सांडव्याबाहेरच्या काही ठोकळ्यांवर आडव्या भेगा पडल्या. खालच्या अंगाच्या उताराला जिथे मोड येतो, म्हणजे पायापासून सुमारे ६६ मीटरवर, त्या पातळीच्या आसपास या भेगा होत्या. तेव्हापासून कोयनेचा हा छेद काँक्रीटमधल्या भेगांवर काम करणाऱ्या जगभरच्या लोकांचा नेहमीचा चाचणी-प्रश्न झाला आहे. एम.टेक.ला मीही तोच घेतला.

जाळी सगळीकडे बारीक करणं परवडत नव्हतं, म्हणून अडॅप्टिव्ह मेश रिफाइनमेंट वापरायचं ठरलं. शेजारच्या टेबलावर जी लायब्ररी चालत होती तीच मी उचलली. तीन महिने कोड लिहिल्यावर कळलं की माझ्या प्रश्नाला हवी असलेली एक महत्त्वाची गोष्ट त्यात मला स्वतःच बांधावी लागणार आहे. लायब्ररीचा त्यात काही दोष नव्हता. कोणते प्रश्न विचारायचे हेच मला ठाऊक नव्हतं. पुढच्या पायऱ्या म्हणजे तेच प्रश्न आहेत, ज्या क्रमाने ते मला विचारायला हवे होते त्या क्रमाने.

ज्यांना हे नवीन आहे त्यांच्यासाठी दोन ओळी. फायनाईट एलिमेंट म्हणजे आकाराचे छोटे तुकडे (एलिमेंट) पाडून त्या तुकड्यांच्या जाळीवर समीकरण सोडवणं. उत्तर जिथे झपाट्याने बदलतं तिथेच जाळी बारीक करायची, बाकी ठिकाणी जाड ठेवायची, आणि ती जागा माणसाने न सांगता गणितानेच शोधायची, ही या पद्धतीमागची कल्पना. प्रत्येक फेरीत गणित सोडवायचं, कुठे किती चूक आहे याचा अंदाज घ्यायचा, एलिमेंटवर खुणा करायच्या आणि खूण केलेल्यांचे तुकडे करायचे. मग पुन्हा सोडवायचं.

१. ही सोय खरंच लागते का ते आधी मोजा

हे कागदावर दहा मिनिटांत होतं आणि बरेच जण तेच टाळतात. कोयनेचा प्रचलित छेद १०३ मीटर उंच, पायाशी सुमारे ७० मीटर आणि माथ्याशी सुमारे १५ मीटर रुंद आहे. क्षेत्रफळ ३,६०० चौरस मीटरच्या आसपास येतं. सगळीकडे २५ सेंटिमीटरचे चौकोन टाकले तर ५७,००० च्या आसपास एलिमेंट होतात. हे गणित साधा लॅपटॉप आरामात सोडवतो. प्रश्न द्विमितीय असेल, भेग कुठे पडणार हे माहीत असेल आणि ती फार लांब जाणार नसेल, तर जीमेश या जाळी बनवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये मोडाजवळ हाताने जाळी बारीक करा आणि पुढे चला. त्यासाठी नवी लायब्ररी शिकण्यात सहा महिने घालवू नका.

आता तोच छेद १५ मीटर जाडीचा ठोकळा म्हणून त्रिमितीत घ्या. २५ सेंटिमीटरला ३४ लाखांहून अधिक एलिमेंट होतात आणि १० सेंटिमीटरला पाच कोटींच्या वर. भूकंपाचं गणित असल्यामुळे हे शेकडो-हजारो वेळपायऱ्यांवर सोडवायचं असतं. इथे अडॅप्टिव्ह जाळीला पर्याय राहत नाही. तुमच्या प्रश्नासाठीही आधी हा आकडा काढा. तो तुमच्या यंत्रावर मावत असेल तर पुढचं वाचून ठेवा, पण घाई करू नका.

२. एक पान लिहा आणि सामान जमवा

लायब्ररीचं पान उघडण्याआधी स्वतःच्या प्रश्नाचं एक पान लिहा. त्यात एवढं हवं:

• प्रश्न द्विमितीय की त्रिमितीय
• आकार त्रिकोण-टेट्राने (टेट्रा म्हणजे चार त्रिकोणी बाजूंचा घन) भरावा लागेल की चौकोन-हेक्साने (हेक्सा म्हणजे विटेसारखा सहा बाजूंचा घन) भरता येईल
• बारीक जागा एकाच ठिकाणी राहते की सरकते
• एलिमेंटच्या आत, गॉस बिंदूंवर (आतल्या ज्या ठराविक बिंदूंवर ताणासारख्या गोष्टी मोजतात तिथे), मागच्या पायरीची काही माहिती साठवावी लागते का
• किती कोअर मिळणार आणि किती तासांसाठी
• कोड शेवटी विकायचा आहे की खुला ठेवायचा आहे
• तुम्हाला सी प्लस प्लस येतं का. येत नसेल तर शिकायला किती आठवडे देता येतील

तिसऱ्या आणि चौथ्या ओळीकडे लोक सर्वात कमी लक्ष देतात. माझे तीन महिने याच दोन ओळींपायी गेले.

सामान फारसं लागत नाही. लिनक्स किंवा विंडोजवरचं डब्ल्यूएसएल, १६ जीबी मेमरी, गिट, सीमेक, जाळी बनवायला जीमेश आणि चित्र पाहायला पॅराव्ह्यू. अनेक कोअरवर एकत्र काम चालवणारं एमपीआय पहिल्या दिवसापासून बसवून ठेवा.

३. तुकडे कसे पडतात ते समजून घ्या

सगळी निवड याच पायरीवर ठरते, म्हणून इथे थोडं थांबतो.

एक रीत अशी: चौकोनाचे सरळ चार चौकोन करायचे, हेक्साचे आठ. पण शेजारचा चौकोन जाडच राहिला तर मधल्या कडेवर एक असा नोड येतो जो बारीक बाजूच्या एलिमेंटचा कोपरा असतो, जाड बाजूच्या मात्र नाही. याला हँगिंग नोड म्हणतात. तो मोकळा सोडला तर तिथे उत्तर फाटतं. म्हणून त्याची किंमत त्या कडेच्या बाकीच्या नोडांवरून बांधून द्यावी लागते. एकरेषीय एलिमेंटमध्ये ती दोन टोकांची सरासरी असते. ही बंधनं लायब्ररी तयार करते, पण ती योग्य वेळी लावण्याची जबाबदारी तुमची असू शकते. या रीतीचा मोठा फायदा म्हणजे तुकड्यांचा आकार बिघडत नाही आणि ते परत जोडणं सोपं असतं, कारण आई-बाप कोण हे झाडासारखं नोंदलेलं असतं.

दुसरी रीत त्रिकोण आणि टेट्रासाठी: कडेचा मध्यबिंदू घेऊन एलिमेंट दुभागायचा, आणि शेजारी हँगिंग नोड उरला तर शेजाऱ्यालाही दुभागायचं, जाळी सांधेसूद होईपर्यंत. यात बंधनांची कटकट नाही आणि गुंतागुंतीचा आकारही सहज भरता येतो. मात्र एका खुणेमुळे दूरवरचे एलिमेंटही फुटू शकतात आणि मागे जाणं, म्हणजे जाळी पुन्हा जाड करणं, बऱ्याच ठिकाणी सोपं नसतं किंवा नसतंच.

तिसरी रीत म्हणजे तुकडे न करता जाळीच नव्याने विणायची. कोणत्या दिशेला एलिमेंट किती लांब हवा हे एका मेट्रिकने सांगायचं. लांबट, एका दिशेने ताणलेले एलिमेंट हवे असतील, उदाहरणार्थ हवेच्या प्रवाहातला धक्कातरंग पकडायचा असेल, तर या रीतीला तोड नाही. एमएमजी ही लायब्ररी हेच करते आणि फ्रीफेममधली द्विमितीय सोय याच जातीची आहे. पण प्रत्येक वेळी जुन्या जाळीवरचं उत्तर पूर्णपणे वेगळ्या जाळीवर न्यावं लागतं आणि त्यात थोडं पुसट होतं. भेगेसारख्या, मागचं विसरून न चालणाऱ्या प्रश्नात हे महागात पडतं.

आता तुमच्या पानावरच्या तिसऱ्या ओळीकडे बघा. बारीक जागा सरकत असेल तर ‘जाळी पुन्हा जाड करता येते का?’ हा पहिला प्रश्न. नसेल करता येत, तर दर थोड्या पायऱ्यांनी मूळ जाड जाळीपासून पुन्हा सुरुवात करून बारीक करत यावं लागेल. ते अशक्य नाही, पण ते काम आधीच हिशोबात धरा.

चौथी ओळ त्याहून नाजूक आहे. विस्थापनासारखी नोडांवरची किंमत नव्या जाळीवर नेण्याची सोय बहुतेक ठिकाणी तयार असते. गॉस बिंदूंवरची माहिती, म्हणजे काँक्रीट किती खराब झालंय, आजवरचा सर्वात मोठा ताण किती होता, प्लॅस्टिक विकृती किती झाली, ही मात्र नोडांवर नसते. एलिमेंट फुटला की त्याचे गॉस बिंदूही जातात. ती माहिती पोरांना कशी वाटायची याचं उत्तर लायब्ररीत आहे की नाही, हे पहिल्याच आठवड्यात शोधा. डील-टू या लायब्ररीत यासाठी स्वतंत्र क्लास आहेत (लायब्रऱ्यांची ओळख पुढच्या पायरीत). लिबमेशवर उभ्या असलेल्या मूसमध्ये ‘स्टेटफुल’, म्हणजे मागची स्थिती लक्षात ठेवणारे, पदार्थगुण जाळीसोबत आपोआप नेले जातात. दुसरी कोणती लायब्ररी घेणार असाल तर तिच्या कागदपत्रांत हाच शब्दशोध आधी करा.

४. लायब्रऱ्या, एकेक करून

डील-टू. लिहिताना शेवटी रोमन दोन असतात. हायडलबर्गमध्ये सुरू झालेली ही सी प्लस प्लस लायब्ररी आहे. वोल्फगांग बांगर्थ, राल्फ हार्टमान आणि गिडो कानशाट या तिघांना तिच्यासाठी गणिती सॉफ्टवेअरसाठीचा २००७ चा विल्किन्सन पुरस्कार मिळाला. तिचं खरं बळ चौकोन आणि हेक्सा, हँगिंग नोड, आणि शेजाऱ्यांत एका पातळीहून जास्त फरक न ठेवण्याचा नियम यांत आहे. त्रिकोण-टेट्राची सोय नंतर आली, पण अडॅप्टिव्ह कामासाठी तिच्यावर विसंबू नका. नव्या माणसासाठी मी हीच सुचवतो, त्याचं एकच कारण: तिचे धडे. ‘स्टेप-६’ मध्ये पहिली अडॅप्टिव्ह जाळी, ‘स्टेप-२६’ मध्ये काळाबरोबर बदलणारी, ‘स्टेप-४०’ मध्ये शेकडो कोअरवर चालणारी. प्रत्येक धड्यात कोडच्या आधी गणित समजावलेलं असतं. मी इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत शिकलो नाही इतकं फायनाईट एलिमेंट त्या धड्यांतून शिकलो.

एमएफईएम. लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेची. उच्च कोटीचे (वरच्या घाताच्या बहुपदींचे) एलिमेंट, विद्युतचुंबकीय प्रश्नांसाठी लागणारे कडेवरचे एलिमेंट आणि जीपीयू या तिन्हींत ती भक्कम आहे. हँगिंग नोडांची पातळी हवी तितकी वाढवू देते, हवी तर मर्यादाही घालता येते; चौकोन-हेक्सा एकाच दिशेने फोडता येतात. बसवायला सगळ्यांत सोपी: एका कोअरवर चालवायला दुसरं काहीच लागत नाही. इथला नेहमीचा सापळा असा: टेट्राची जाळी दिली की ती सांधेसूद रीतीने फुटते, मग जाळी पुन्हा जाड होत नाही आणि समांतर चालवताना कोअरांमध्ये काम पुन्हा वाटताही येत नाही. ही दोन्ही कामं फक्त हँगिंग नोडवाल्या जाळीवर होतात. म्हणून सुरुवातीलाच जाळी त्या रीतीत नेणारं फंक्शन बोलवा. ‘उदाहरण ६’ आणि ‘उदाहरण १५’ शेजारी-शेजारी ठेवून वाचा. दुसऱ्यात जाळी बारीक आणि जाड दोन्ही होते.

लिबमेश आणि मूस. लिबमेश २००२ मध्ये ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात सुरू झाली. त्रिकोण, चौकोन, टेट्रा, हेक्सा सगळ्यांवर हँगिंग नोड चालतात, म्हणून ज्यांचा आकार हेक्साने भरता येत नाही पण जाळी परत जाडही करायची आहे, त्यांनी ही आधी पाहावी. आयडाहो राष्ट्रीय प्रयोगशाळेची मूस हिच्यावर उभी आहे. मूसमध्ये नेहमीचं काम इनपुट फाईल लिहून होतं: कोणता इंडिकेटर (चूक मोजणारा), कोणता मार्कर (खुणा करणारा), किती पातळ्या. सी प्लस प्लसची भीती असेल आणि प्रश्न घन पदार्थांच्या यांत्रिकीचा असेल, तर मूसने सुरुवात करा. लिबमेशमध्ये डिफॉल्ट जाळीची पूर्ण प्रत प्रत्येक प्रोसेसवर असते हे लक्षात ठेवा. मोठ्या प्रश्नाला वाटून ठेवलेली जाळी मुद्दाम निवडावी लागते.

फेनिक्स, म्हणजे आताची डॉल्फिन-एक्स. पायथनमध्ये समीकरण जवळजवळ वहीत लिहितो तसं लिहिता येतं. त्रिकोण-टेट्रा दुभागून जाळी बारीक होते आणि नवी जाळी हातात येते; जाड करण्याची सोय नाही, हँगिंग नोड नाहीत. सीमांवरचे टॅग नव्या जाळीवर आपणच न्यायचे असतात, त्यासाठी फंक्शन दिलेलं आहे. स्थिर प्रश्न, पाच-सात फेऱ्या आणि नवं समीकरण पटकन तपासायचं असेल तर हिच्याइतकं सुखाचं दुसरं काही नाही. सरकणाऱ्या भेगेसाठी मी घेणार नाही.

एनजीसॉल्व्ह. व्हिएन्नाची. पायथनच्या एका ओळीत बसते, जाळी बनवणारी नेटजेन सोबत येते, आणि मूळ भूमिती तिच्या लक्षात राहते, म्हणून वर्तुळाकार सीमा जाळी बारीक केल्यावरही वर्तुळच राहते. शिकायला आणि शिकवायला फार चांगली.

ड्यून. यात जाळी हा सुटा भाग आहे आणि कामाप्रमाणे जाळीची लायब्ररी निवडायची असते. समांतर अडॅप्टिव्ह कामाला एएलयूग्रिड. रचना सुंदर आहे, पण पहिलीच लायब्ररी म्हणून जड जाते.

पी४एस्ट हे नाव तुम्हाला सगळीकडे दिसेल. ही स्वतः फायनाईट एलिमेंट लायब्ररी नाही. ती फक्त झाडांचं जंगल सांभाळते: कोणता हेक्सा कुणाचं पोर, कोणत्या कोअरवर कोण. २०११ च्या शोधनिबंधात तिच्या कर्त्यांनी ती दोन लाखांहून अधिक कोअरवर चालवून दाखवली. डील-टू समांतर जाळीसाठी तिचाच आधार घेते. सरळ तिच्यावर कोड लिहायला नव्या माणसाने जाऊ नये.

आणि एएमरेक्स. ‘अडॅप्टिव्ह मेश’ शोधलं की हिचं नाव वरच येतं आणि लोक फसतात. ती आयताकृती तुकड्यांवर चालणारी, मुख्यतः फायनाईट व्हॉल्यूम आणि फायनाईट डिफरन्ससाठीची चौकट आहे. ज्वलन, खगोलभौतिकी अशा कामांत ती उत्तम आहे, पण तिरक्या उताराच्या धरणाचं फायनाईट एलिमेंट गणित करायला ती नाही.

५. एरर एस्टिमेटर डोळे मिटून वापरू नका

एरर एस्टिमेटर म्हणजे कुठे किती चूक आहे याचा अंदाज देणारं सूत्र. जवळपास सगळीकडे अशी दोन तयार सूत्रं मिळतात. केली आणि सहकाऱ्यांचं १९८३ चं: शेजारच्या दोन एलिमेंटमधल्या कडेवर प्रवाह किती उडी मारतो ते मोजायचं. झिएन्किएविच आणि झू यांचं १९८७ चं: ताण गुळगुळीत करून घ्यायचा आणि मूळ ताणाशी फरक पाहायचा. दोन्ही स्वस्त आहेत, दोन्ही बऱ्याचदा चांगलं काम करतात.

कोयनेत मात्र काँक्रीट बसाल्टवर उभं आहे. दोन पदार्थांच्या सांध्यावर विकृती खरोखरच उडी मारते. केलीला पदार्थाचा गुणांक दिला नाही तर तो नुसत्या विकृतीची उडी मोजतो आणि त्या खऱ्या उडीलाच चूक समजतो. झिएन्किएविच-झू सांध्यापलीकडे गुळगुळीत करायला गेला तर तोही तसाच चकतो. मग दर फेरीला सगळा पाया बारीक होत जातो आणि जिथे भेग पडायची तिथे काहीच होत नाही. पहिल्यांदा हे दिसलं तेव्हा मला ते भौतिकीच वाटलं होतं. उपाय सोपा आहे: केलीला गुणांक द्या, आणि गुळगुळीत करणं प्रत्येक पदार्थापुरतं वेगळं ठेवा.

खुणा किती करायच्या? ‘स्टेप-६’ मध्ये ३० टक्के एलिमेंट फोडायचे आणि ३ टक्के जोडायचे असे आकडे आहेत. लोक तेच त्रिमितीतही नेतात. द्विमितीत एकाचे चार होतात, म्हणून ३० टक्क्यांना जाळी दर फेरीला जवळपास दुप्पट होते. त्रिमितीत एकाचे आठ होतात, म्हणून त्याच ३० टक्क्यांना ती तिपटीहून वाढते आणि चौथ्या-पाचव्या फेरीला मेमरी संपते. त्रिमितीत दुपटीवर राहायचं असेल तर १४ टक्क्यांच्या आसपास ठेवा. संख्येऐवजी एकूण चुकीचा ठराविक हिस्सा उचलणारी ड्योर्फलरची १९९६ ची रीतही बहुतेक ठिकाणी मिळते. सिद्धांताचा आधार तिलाच जास्त आहे.

तुम्हाला सगळं उत्तर नको असेल, फक्त धरणाच्या माथ्याचं विस्थापन हवं असेल, तर त्या एका आकड्यासाठी जाळी घडवणारी दुहेरी प्रश्नाची पद्धत आहे. डील-टूच्या ‘स्टेप-१४’ मध्ये ती समजावली आहे. पहिल्या महिन्यात तिकडे जाऊ नका.

६. बसवणं

यात दोन दिवसांपेक्षा जास्त जात असतील तर वाट चुकली आहे असं समजा. डॉल्फिन-एक्ससाठी कोंडा किंवा डॉकर, एनजीसॉल्व्हसाठी पिप, डील-टूसाठी उबुंटूचं तयार पॅकेज किंवा कँडी ही स्क्रिप्ट. डील-टू स्वतः बांधत असाल तर एकाच वेळी चालणारी कामं कमी ठेवा. एकेक फाईल भरपूर मेमरी खाते आणि ८ जीबीचं यंत्र गोठतं. कॉलेजच्या क्लस्टरवर किंवा परम मालिकेतल्या यंत्रावर तुम्हाला अॅडमिनचे अधिकार नसतात. तिथे अधिकारांशिवाय लायब्रऱ्या बांधून देणारं स्पॅक वापरा, आणि बांधण्याआधी तिथलाच एमपीआय निवडला आहे याची खात्री करा.

७. दोन लायब्रऱ्यांत एकच परीक्षा घ्या

यादीतून दोन निवडा आणि प्रत्येकीला एक आठवडा द्या. परीक्षा जुनीच: इंग्रजी एल आकाराचा प्रदेश, त्यावर लाप्लासचं समीकरण. आतल्या कोपऱ्याचा कोन २७० अंशांचा असल्यामुळे तिथे उत्तर कोपऱ्यापासूनच्या अंतराच्या दोन-तृतीयांश घातासारखं वागतं. नेमकं उत्तर माहीत आहे, म्हणून चूक खरीखुरी मोजता येते.

एकरेषीय एलिमेंट घ्या आणि ऊर्जेच्या मापात चूक मोजा. जाळी सगळीकडे सारखी बारीक केली तर चूक निम्मी व्हायला अज्ञातांची संख्या आठपट करावी लागते. अडॅप्टिव्ह जाळीत चारपट पुरते. हे दोन उतार लॉग कागदावर दिसले पाहिजेत. दुसरा उतार मिळत नसेल तर खऱ्या प्रश्नाकडे जाऊच नका. तुमच्या खुणांत किंवा बंधनांत चूक आहे.

मग पॅराव्ह्यूमध्ये उत्तर उंचीसारखं उभं करून बघा. बारीक आणि जाड जाळीच्या हद्दीवर सुयांसारखी टोकं दिसली, तर हँगिंग नोडांच्या किमती सोडवल्यानंतर परत भरायच्या राहिल्या आहेत. डील-टूमध्ये नवी माणसं हमखास विसरतात ती ही एकच ओळ. एमएफईएममध्ये हेच काम उत्तर परत मिळवणाऱ्या फंक्शनमध्ये होतं. तिथे विसरायची जागा वेगळी: जाळी बदलल्यावर आधी स्पेस अपडेट करायची, मग त्यावरची फंक्शनं.

त्याच आठवड्यात आणखी दोन गोष्टी करून बघा. एक गोल भोक असलेली जाळी जीमेशमधून आणा आणि तीनदा बारीक करा. भोक बहुभुजच राहिलं तर लायब्ररीला खरी भूमिती सांगावी लागेल. धरणातल्या निरीक्षण-बोगद्याच्या गोलाईसाठी हे लागतंच. आणि प्रत्येक गॉस बिंदूवर एक आकडा ठेवून जाळी बारीक करा, पुन्हा जाड करा आणि ते आकडे कुठे गेले ते पहा. आठवड्याच्या शेवटी दोन्ही कोड शेजारी ठेवून वाचा. ज्यात काय चाललंय हे तुम्हाला स्वतःला समजतंय ती घ्या, दुसरी थोडी वेगवान असली तरी.

८. समांतर चालवणं आणि परवाना

डील-टू आणि पी४एस्टमध्ये सुरुवातीची जाड जाळी प्रत्येक प्रोसेसकडे पूर्ण असते. म्हणून जीमेशमधून दहा लाख एलिमेंटची जाळी आणून ‘आता हिला अडॅप्टिव्ह करू’ असं करू नका. काही शे किंवा काही हजार एलिमेंटमध्ये आकार बसवा आणि बारीक करण्याचं काम लायब्ररीवर सोपवा. दर फेरीनंतर काम कोअरांमध्ये पुन्हा वाटलं जातंय का ते छापून बघा, नाहीतर भेगेजवळचा एक कोअर राबत राहतो आणि बाकीचे त्याची वाट पाहत बसतात.

परवान्याचं वाचन पाच मिनिटांचं आहे. एमएफईएम बीएसडीखाली, लिबमेश आणि डॉल्फिन-एक्स एलजीपीएलखाली. कंपनीसाठी बंद कोड लिहिणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: वरची लायब्ररी सैल परवान्याची असली तरी खालची पी४एस्ट जीपीएलखाली, म्हणजे कोड खुला ठेवायला लावणाऱ्या परवान्याखाली, आहे. गाईडला किंवा कंपनीच्या कायदेशीर विभागाला हे कोड लिहिण्याआधी सांगा.

९. खऱ्या प्रश्नाकडे जाताना

कोयनेच्या छेदात आधी साधं स्थितिस्थापक गणित चालवलं तर जाळी कुठे बारीक होईल? मोडाशी, असं तुम्हाला वाटेल. पण खालचा पायाही गणितात धरला असेल तर पाण्याकडच्या टाचेशी आतला कोन २७० अंशांचा असतो, खालच्या पंजाशी २३० च्या आसपास, आणि मोडाशी जेमतेम २१०. कोन जितका मोठा तितकी सिंग्युलॅरिटी, म्हणजे कोपऱ्याशी ताण अमर्याद वाढत जाणं, तीव्र. म्हणून जाळी पहिल्यांदा टाचेकडे धावते. यात लायब्ररीची चूक नाही. मोडाची पाळी भूकंपाचं बळ लावल्यावर येते, माथा झुलू लागल्यावर.

या तिन्ही कोपऱ्यांवर कमाल ताणाचा आकडा प्रबंधात देऊ नका. स्थितिस्थापक गणितात जाळी बारीक करत जाल तसा तो वाढतच जातो, आणि अडॅप्टिव्ह जाळी तर नेमकी तिथेच बारीक होत जाते. सातव्या फेरीला मिळालेला आकडा आठव्या फेरीला खोटा ठरतो. परीक्षकाने विचारलेला पहिला प्रश्न हाच होता. त्याऐवजी माथ्याचं विस्थापन, एखाद्या पातळीवरचं एकूण बळ, साठलेली ऊर्जा किंवा भेगेची लांबी द्या. जाळी बारीक होत गेली की हे आकडे स्थिरावतात.

भेगेसाठी फेज-फील्ड (भेग रेषेऐवजी पुसट पट्टा म्हणून दाखवणारी पद्धत) वापरणार असाल तर भेगेची रुंदी ठरवणारी एक लांबी तुम्ही निवडता, आणि भेगेजवळचा एलिमेंट त्या लांबीच्या निम्म्याहून मोठा चालत नाही. म्हणजे किती पातळ्या लागणार हे आधीच ठरतं: जाड एलिमेंट ४ मीटरचा आणि लांबी अर्धा मीटर असेल, तर २५ सेंटिमीटरपर्यंत उतरायला चार वेळा फोडावं लागेल. हा आकडा कोडमध्ये कमाल पातळी म्हणून टाका. नाहीतर टाचेशी जाळी थांबायचं नाव घेणार नाही. भेग पुढे सरकली त्या वेळपायरीवर जाळी बारीक करून तीच पायरी पुन्हा सोडवा, पुढच्या पायरीवर ढकलू नका. नाहीतर भेगेचं टोक जाड एलिमेंटमधून जातं आणि तिची दिशा जाळीच्या ओळींना चिकटते. भेग मागे सोडून गेली तिथली जाळी मात्र जाड करू नका, कारण तुटलेलं काँक्रीट कुठे आहे ही नोंद तिथेच आहे. जाड करायची ती टाचेशी आणि पायात, भूकंपाच्या लाटा पुढे गेल्यावर.